इंदुरात नवीन आलात? सार्वजनिक जागेतल्या उपद्रवाची तक्रार अशी करा

पुण्याहून, जळगावहून, नागपूरहून इंदुरात राहायला आलेल्या माणसाला आल्या आल्या इथली स्वच्छता दिसते. २०१७ पासून देशातल्या स्वच्छ शहरांत इंदूरचं नाव वर आहे आणि आम्हा इंदूरकरांना त्याचा मनापासून अभिमान आहे. दुसरी बाजू कळायला जरा वेळ लागतो. कॉलनीच्या बगीच्यात अंधार पडला की बाटल्या निघतात. कोपऱ्यावर मध्यरात्री गाडीची दारं उघडी टाकून गाणी वाजतात. कोचिंगहून परतणाऱ्या मुलीच्या मागे एखादी मोटारसायकल हळूहळू येत राहते. नवं कुटुंब अशा वेळी खिडकी लावून घेतं. गाव नवं, ओळखदेख नाही, आणि सांगायचं कुणाला हेच ठाऊक नसतं.

मी शहराच्या पश्चिमेकडच्या एका कॉलनीत राहते आणि तिथल्या रहवासी संघाचे अर्ज, पत्रं, पाठपुरावा हे काम बघते. महाराष्ट्रातून आलेले भाडेकरू ठरलेले प्रश्न घेऊन येतात. पोलिसांना सांगायचं की निगमाला, म्हणजे इथल्या महापालिकेला? आपलं नाव बाहेर फुटलं तर? आपण बाहेरचे, आपलं कोण ऐकणार? ऐकतात. पण बरोबर दारात जावं लागतं, नेमकं सांगावं लागतं, आणि तक्रार कृत्याची करावी लागते, माणसांची नव्हे. ही शेवटची गोष्ट मी फार आग्रहाने सांगते, कारण निम्म्या तक्रारी तिथेच फसतात.

आधी ठरवा: हा उपद्रव आहे का?

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखाद्याच्या कृत्यामुळे किंवा कायद्याने करायला हवं ते न केल्यामुळे लोकांना, आसपास राहणाऱ्यांना इजा, धोका किंवा त्रास होत असेल तर तो सार्वजनिक उपद्रव. एकट्या तुमची चिडचिड होते एवढ्याने तो ठरत नाही. म्हणून फोन उचलण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: नेमकं काय घडतं, कुठे आणि किती वाजता घडतं, आणि त्याचा त्रास आणखी कुणाला होतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर शेजारच्या दोन-चार घरी जाऊन विचारा. ओळखही होते आणि पुढे सह्याही मिळतात.

काय उपद्रव नाही, हेही स्पष्ट असू द्या. भंवरकुआं भागात रात्री उशिरा चहाच्या टपरीवर उभी असलेली मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी असतात. ती बोलतात, हसतात, एवढ्याने गुन्हा होत नाही. बगीच्यातल्या बाकावर गप्पा मारत बसलेलं जोडपं कुणाला त्रास देत नाही. हातगाडीवाल्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे. त्याने रस्ता अडवला तर अडवण्याबद्दल बोला, त्याच्या असण्याबद्दल नको. ‘ही कुठली माणसं इथे येऊन बसतात?’ अशी तक्रार आमच्याकडे आली तर मी ती पुढे पाठवत नाही. सार्वजनिक जागा तुमची आहे तेवढीच त्यांचीही आहे.

कुणाकडे काय असतं

जागेचं आणि वस्तूंचं काम नगर निगमाकडे. कचरा, राडारोडा, थुंकणं, उघड्यावर लघवी, पाळीव कुत्र्याची घाण, बंद पडलेले दिवे, बगीच्याचं तुटलेलं फाटक, फुटपाथवरचं अतिक्रमण. निगमाचा कारभार १९५६ च्या मध्य प्रदेश नगर पालिक निगम अधिनियमावर चालतो. शहरात ८५ वॉर्ड आहेत आणि वॉर्डांचे गट करून झोन कार्यालयं आहेत. तुमचा वॉर्ड नंबर आणि झोन कुठला, हे घरमालकाला किंवा रहवासी संघाला पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या. पार्षद म्हणजे आपला नगरसेवक. तक्रारीसाठी ‘इंदौर ३११’ हे अॅप मोबाइलवर घ्या. फोटो काढा, जागा नकाशावर दाखवा, प्रकार निवडा, पाठवा. तक्रार क्रमांक येतो, तो जपून ठेवा.

माणसांच्या वागण्याचं काम थान्याकडे, म्हणजे पोलीस ठाण्याकडे. दारू पिऊन गोंधळ, शिवीगाळ, छेडछाड, दमदाटी, मारामारी, रात्रीचा डीजे. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्त पद्धत आहे. थान्याच्या प्रमुखाला इथे सगळे टीआय म्हणतात, त्याच्यावर एसीपी, मग डीसीपी.

तिसरं दार प्रशासनाचं, म्हणजे कलेक्टर आणि एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) यांचं. तिकडे लगेच जायची गरज नसते. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलंय.

नंबरांच्या बाबतीत नव्या माणसाची एक हमखास गफलत होते. देशात बऱ्याच ठिकाणी १८१ ही महिला हेल्पलाइन म्हणून माहीत आहे. मध्य प्रदेशात १८१ म्हटलं की लोक मुख्यमंत्री हेल्पलाइन समजतात, म्हणजे सरकारी कामाच्या तक्रारींचा नंबर. रात्री कुणी मागे लागलं असेल तर त्या नंबरात अडकू नका. तातडीला ११२, महिलांसाठी १०९०. लहान मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७. आजच मोबाइलमध्ये घालून ठेवा, घरातल्या मुलींच्या आणि आजी-आजोबांच्या मोबाइलमध्येही.

बगीच्यातली दारू

सगळ्यात जास्त तक्रारी याच्या असतात, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्या बगीच्यात मागच्या भिंतीलगत एक बाक आहे. त्याच्या डोक्यावरचा दिवा बंद होता. तिथे रात्री प्यायला बसणारे सकाळी दिसत नसत, पण घसरगुंडीखालच्या वाळूत बाटल्यांची झाकणं आणि प्लॅस्टिकचे ग्लास सापडत. एकदा काचही सापडली, मुलं अनवाणी खेळतात त्याच जागी. पहिल्या बैठकीत सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, पोलीस बोलवा. पोलीस आले, मंडळी उठून गेली, आणि गाडी वळल्यावर परत येऊन बसली. मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी दिवा.

अॅपवर दिव्याची तक्रार टाकली. खांबाचा फोटो काढताना मागचं घर किंवा फाटक दिसेल असा काढा आणि खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तोही स्पष्ट येऊ द्या. लाइनमनला जागा सापडत नाही म्हणून कितीतरी तक्रारी लांबतात. दुसरी तक्रार मागच्या तुटलेल्या जाळीची, कारण फाटकाला कुलूप लागलं तरी माणसं तिथून आत शिरत. तिसरी गोष्ट आमच्या हातातली होती. संध्याकाळच्या फेरीसाठी बायकांचा एक गट मुद्दाम त्या बाकाकडून जायला लागला. कुणाला काही बोलायचं नाही, फक्त जायचं. उजेड आणि येणारी-जाणारी माणसं असली की लपून प्यायची जागा उरत नाही. बाक आजही तिथेच आहे, संध्याकाळी त्यावर आज्या बसतात.

तेवढ्याने भागलं नाही तर थाना. १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांलगतचे अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाल्या. मला वाटतं तेव्हापासून उभ्या गाड्यांत आणि मोकळ्या प्लॉटवर पिणं जास्त डोळ्यांवर येतं. न्याय संहितेच्या कलम ३५५ प्रमाणे सार्वजनिक जागी दारूच्या नशेत लोकांना त्रास होईल असं वागणाऱ्याला २४ तासांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. समाजसेवा ही शिक्षा नव्या कायद्यात मोजक्या गुन्ह्यांनाच ठेवली आहे, त्यातला हा एक. लोकांना ऐकू जाईल अशा अश्लील शिव्या दिल्या तर कलम २९६, तीन महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रकार चालू असतानाच ११२ ला फोन करा. सकाळी केलेल्या फोनचा उपयोग नाही. पत्ता सांगताना शेजारची खूण सांगा: कुठलं मंदिर, कुठली शाळा, कुठलं दुकान. किती जण आहेत, हातात काही हत्यार दिसतंय का, गाडी कुठली, एवढं सांगा. ‘माझं नाव तिथे घेऊ नका’ असं स्पष्ट म्हणा. इव्हेंट नंबर, म्हणजे त्या फोनचा नोंद क्रमांक, मागून घ्या. पोलीस गाडी आली की बाहेर धावत जाऊन बोट दाखवू नका. आपण घरातच थांबा, गरज असेल तर त्यांचा फोन येतो.

आणि कृपा करून कॉलनीतल्या तरुणांना काठ्या घेऊन पाठवू नका. एक थप्पड पडली की तुमची तक्रार बाजूला राहते आणि तुमच्याच मुलावर मारहाणीचा गुन्हा नोंदला जातो.

आवाज

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि देशभर तेच लागू आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्याभोवती निदान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतो, तिथे ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर किंवा डीजे वाजवायचा नाही. राज्य सरकार सणासाठी रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, आणि तेही सरकारने ठरवून दिलेले. कुणा मंडळाने आपल्या मनाने ठरवलेले नव्हेत. दिवसासुद्धा लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. याशिवाय मध्य प्रदेशाचा स्वतःचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे. परीक्षांच्या दिवसांत प्रशासन त्याखाली जास्त कडक आदेश काढतं. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या राज्य सरकारने पहिल्याच आदेशांत मर्यादेबाहेरच्या लाउडस्पीकरवर कारवाई सांगितली आणि त्यासाठी भरारी पथकं नेमायला लावली.

आवाज मोजायचं यंत्र आपल्याजवळ नसतं. मोबाइलमधलं डेसिबल दाखवणारं अॅप पुरावा म्हणून धरलं जात नाही, पण अंदाज येतो. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असेल तर कुणीही नागरिक तक्रार करू शकतो असं नियमातच आहे, आणि रात्री १० नंतर तर उघड्यावरच्या लाउडस्पीकरला मोजणीचीही फार गरज पडत नाही. वेळच पुरेशी आहे. फोन करताना घड्याळाची वेळ सांगा आणि मागणी नेमकी ठेवा: आवाज बंद करा, साहित्य जप्त करा.

शेजारच्या घरचं लग्न, वाढदिवस, माता की चौकी (देवीच्या भजनांचा कार्यक्रम) असेल तर मात्र आधी माणूस पाठवा. ‘भिया, दहा वाजले’ एवढं इंदुरात पुष्कळ ठिकाणी पुरतं. लोक वाईट नसतात, आनंदाच्या भरात वेळ विसरतात.

आपल्या गणपतीबद्दलही बोलायला हवं. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर या भागांत मराठी मंडळं हौसेने उत्सव करतात, आणि करावा. पण दहाचा नियम आपल्यालाही तोच आहे. परवानगीचा कागद मंडपात दर्शनी लावा. स्पीकरचं तोंड मंडपाच्या आत ठेवा. शंभरापेक्षा जास्त लोक जमणार असतील तर घनकचऱ्याच्या नियमांनुसार तीन कामकाजाचे दिवस आधी निगमाला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची. आपलं मंडळ नियम पाळतं हे शेजाऱ्यांनी पाहिलं की पुढे आपण आवाजाबद्दल बोललो तर आपलं ऐकून घेतात.

थुंकणं, कचरा, सिगारेट

इथे निगम खरोखर दंड करतं. गाडीतून रिकामी बाटली फेकली, दुभाजकावर पिचकारी मारली, कुत्र्याने फुटपाथवर घाण केली आणि उचलली नाही, तर चालान होऊ शकतं. रकमा निगम वेळोवेळी ठरवतं. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाणारे लोक हातातला द्रोण टाकायला कचरापेटी शोधत चालतात, ते बघून नव्या माणसानेही तसंच चालावं. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००३ च्या तंबाखू कायद्याने २०० रुपयांपर्यंत दंड आहे. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. तुमच्या मुलाच्या शाळेसमोर टपरी असेल तर ही तक्रार जरूर करा.

चालान तुमचंच झालं तर वाद घालू नका, रसीद मागा. रसीदीवर तारीख, कारण आणि रक्कम आहे ना ते तिथेच बघा. रसीदीशिवाय पैसे देऊ नका. दंड चुकीचा वाटला तर रसीद घेऊन झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या.

भीक देण्याबद्दलही इथे वेगळे आदेश निघाले आहेत, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ते माहीत नसतात. १ जानेवारी २०२५ पासून इंदूर प्रशासनाने भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश काढला. असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १६३ खाली निघतात, त्यालाच जुने लोक अजून १४४ म्हणतात. एक आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, नव्याने काढावा लागतो. म्हणून सध्या कुठला आदेश चालू आहे ते वर्तमानपत्रात बघत जा. चौकात एखादं मूल भीक मागताना दिसलं तर त्याला हाकलू नका, १०९८ ला कळवा. त्या मुलाला पोलिसाच्या काठीची नाही, शाळेची गरज आहे.

बायका आणि मुलींसाठी

पाठलाग, इशारे, शेरे, अंगचटीला येणं, याला छेडछाड म्हणून हलक्यात घेऊ नका. न्याय संहितेत कलम ७८ पाठलागाचं, कलम ७९ शब्दाने, इशाऱ्याने अपमान करण्याचं. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा असतो. मोबाइलवर वारंवार मेसेज पाठवून मागे लागणं हाही पाठलागच.

घटना कुठल्या हद्दीत झाली यावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. कुठल्याही थान्यात झिरो एफआयआर नोंदवता येते, मग ती योग्य थान्याकडे जाते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. अशा गुन्ह्यात बाईची माहिती महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा दुसऱ्या महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. बऱ्याच थान्यांत ‘ऊर्जा’ महिला हेल्प डेस्क आहे, आत गेल्यावर तोच विचारा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका.

आई-वडिलांना एक विनंती. मुलगी सांगायला आली की तिचं कोचिंग किंवा फिरणं बंद करू नका. तसं केलं तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

तक्रार लिहायची कशी

फोनने त्या रात्रीचं भागतं. रोजचा प्रकार थांबवायला कागद लागतो. अर्ज हिंदीत लिहा, इथलं सगळं काम हिंदीत चालतं. चुका झाल्या तरी चालतील. वर ‘प्रति, श्रीमान थाना प्रभारी महोदय’, खाली विषय, मग मजकूर. आमच्याकडे एका नव्या कुटुंबाने लिहून आणलेलं पहिलं वाक्य असं होतं: ‘आमच्या भागात बाहेरची वाईट मुलं येऊन गुंडगिरी करतात, त्यांचा बंदोबस्त करावा.’ यावर कुणी काय करणार? मी त्यांच्यासोबत बसून ते असं केलं: ‘बगीच्याच्या मागच्या फाटकाजवळ दर शनिवारी आणि रविवारी रात्री साधारण १० ते १२ या वेळात चार-पाच जण दारू पितात, मोठ्याने शिव्या देतात आणि बाटल्या फोडतात. काचेमुळे मुलांना इजा होण्याचा धोका आहे. या दोन दिवशी या वेळात गस्त व्हावी.’ दुसऱ्या मजकुरात मुलं वाईट की चांगली, बाहेरची की इथली, हे कुठेच नाही. वार आहे, वेळ आहे, जागा आहे, मागणी आहे. बीटच्या शिपायाला कधी जायचं हे वाचताच कळतं.

सह्या घ्या. मालकांच्याच कशाला, भाडेकरूंच्याही घ्या. दोन प्रती न्या. एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तो शिक्का नसेल तर पुढे कुठेही ‘आम्ही तक्रार केली होती’ हे सिद्ध करता येत नाही. एक प्रत पार्षदाला द्या.

व्हिडिओ काढायचा तर आपल्या घरातून, सुरक्षित अंतरावरून. मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवा, कापू-जोडू नका. कोर्टात लागलीच तर २०२३ च्या साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फाइल असली की ते सोपं जातं. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चेहरे आणि गाडीचे नंबर टाकू नका. चुकीचा माणूस बदनाम झाला तर परत भरून निघत नाही. आणि अठरा वर्षांखालचा मुलगा असेल तर त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मी तर आधी घरी जायला सांगते. आई-बापांशी शांतपणे बोला, एकट्याने नको, कॉलनीतल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घेऊन.

तरीही काही झालं नाही तर

आधी आवक क्रमांक दाखवून एसीपी किंवा झोनल अधिकाऱ्याला भेटा. मग १८१. मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार आधी स्थानिक अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथे सुटली नाही तर एकेक पायरी वर चढते, एल-१ पासून एल-४ पर्यंत. मधल्या काळात तुम्हाला फोन येईल: ‘काम हो गया, शिकायत बंद करवा दीजिए.’ काम झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. झालं असेल तर मात्र लगेच हो म्हणा. चांगलं काम करणाऱ्याची अडवणूक करणं बरं नव्हे. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई असते, तिथे स्वतः अर्ज घेऊन जाता येतं.

शेवटचं साधन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुनं १३३. सार्वजनिक जागेतला कायमचा उपद्रव हटवण्यासाठी एसडीएमकडे अर्ज करायचा. या कलमाची ताकद इथून जवळच्या रतलामच्या लोकांनी देशाला दाखवली. तिथल्या न्यू रोडच्या रहिवाशांनी उघडी गटारं, घाण आणि दारूच्या कारखान्याचं दुर्गंधी पाणी यांविरुद्ध आपल्याच नगरपालिकेला दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं. पैसे नाहीत असं नगरपालिका म्हणाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पैशांची सबब नाकारून काम करायला लावलं. ते अर्जदार तुमच्या-माझ्यासारखे साधे रहिवासी होते.

या अर्जावर दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतो: अमुक मुदतीत उपद्रव हटवा, नाहीतर येऊन कारण सांगा. समोरच्याला बाजू मांडायची संधी मिळते. समोरच्याने हरकत घेतली तर चौकशी ९० दिवसांत आटपायची असते, लेखी कारण देऊन ती १२० पर्यंत नेता येते. धोका ताबडतोबीचा असेल तर तोवर मनाई हुकूम मागता येतो. आदेश पाळला नाही तर दंडाधिकारी ते काम दुसऱ्याकडून करवून घेऊन खर्च वसूल करू शकतो, आणि आदेश मोडल्याची कारवाई न्याय संहितेच्या कलम २२३ खाली वेगळी. म्हणून अर्जात मागणी मोघम ठेवू नका. ‘परिसर स्वच्छ व शांत व्हावा’ असं लिहिलं तर आदेश कशाचा काढायचा? ‘प्लॉटला कुंपण घालावं, फुटक्या बाटल्या आणि राडारोडा हटवावा, रात्री फाटक बंद ठेवावं’ असं एकेक काम लिहा. सोबत शिक्क्याच्या प्रती आणि तारखेसह फोटो जोडा, आणि प्रत्येक तारखेला निदान दोघे तरी हजर राहा.